वाघ्या घेवड्याची उशिराची ओळ

शुभा, कांदे काढले. तू असतीस तर म्हणाली असतीस, आठवडाभर उशीर केलास मने, माना कुजल्या. खरंच कुजल्या होत्या. निम्मे कांदे मानेशी मऊ लागत होते. ते वेगळे काढले, घरी आणले, चिरले, परतले आणि डबे भरून फ्रीजरमध्ये टाकले. कांदे चिरताना रडलं तर कुणी कारण विचारत नाही. प्रसाद एकदा किचनच्या दारात आला, माझ्याकडे बघितलं, कांद्यांकडे बघितलं आणि चहा ठेवतो म्हणाला.

तू गेलीस त्याला अजून महिनासुद्धा झालेला नाही. ऑगस्टमध्ये तुझ्या डोक्यातली एक नस फुटली आणि सगळं आटपलं. संतोष, तुझा भाऊ, तुला न्यायला आला आणि त्याच्याबरोबर तू कोरेगावला परत गेलीस. परत जायचं की इथंच राहायचं, यावरून आपण किती हिवाळे भांडलो! मी जायचं म्हणायचे, तू नाही म्हणायचीस. शेवटी तू गेलीस आणि मी डंडॉकमध्ये.

गावाबाहेरचा आपला अलॉटमेंटचा तुकडा जागच्या जागी आहे. भाजी लावायला भाड्याने घेतलेली एवढीशी जमीन, पण तू तिला रान म्हणायचीस. 'रानात जाऊन येते गं आई,' असं तू फोनवर सांगायचीस, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं की इथं एकरांनी ऊस उभा आहे. या रानाला सुतक नाही, शुभा. तू गेलीस त्याच आठवड्यात झुकिन्या दंडाएवढ्या झाल्या. टोमॅटो फुटले. बटाट्याच्या पाल्यावर करपा आला, तो जमिनीलगत कापून टाकायला हवा होता, मी टाकला नाही. ब्लॅकबेरी काळ्या होऊन गळल्या आणि प्लमवर गांधीलमाश्या बसल्या. मी कुंपणाशी उभी राहून नुसती बघत होते. इतका राग आला मला त्या झाडांचा! थांबा ना जरा, असं ओरडावंसं वाटलं. कुणासाठी एवढं पिकताय?

आणि मी तुझी कोण? संतोषला लोक भेटायला आले, तुझ्या आईला आले. मला ऑफिसात कुणी विचारलं, रिलेटिव्ह होती का? नाही म्हटलं. मग मॅनेजर बाई म्हणाली, टेक द आफ्टरनून. मैत्रिणीसाठी एक दुपार मिळते, असं कळलं.

आपली पहिली भेट आठवते तुला? मी तेव्हा नुकतीच प्रसादच्या मागोमाग डब्लिनपलीकडच्या या गावात आले होते. नोकरी नाही, ओळख नाही, दिवसभर खिडकीत बसून समोरच्या घराच्या धुराड्याकडे बघायचे. एकदा बसमध्ये चढले तर आत घोड्याच्या लिदीचा दणदणीत वास. सगळी माणसं पुढे दाटीवाटीने उभी आणि मागच्या बाकावर तू एकटी, मांडीवर खताची पिशवी घेऊन फोनवर बोलत होतीस, 'नाही गं आई, काही त्रास नाही, फार चांगली माणसं आहेत, आख्खी बस मोकळी करून दिलीय मला.' मी फिसकन हसले. तू मान वळवलीस आणि म्हणालीस, 'मराठी? मग या पिशवीचं दुसरं टोक धर.' त्या दुपारी तू मला रानात नेलंस, हातात खुरपं दिलंस, आणि मी संध्याकाळपर्यंत एका अनोळखी बाईच्या जमिनीतलं गवत काढत बसले. घरी आल्यावर कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या खिडकीतून तू मला उठवलंस, नाहीतर माझं काय झालं असतं, कुणास ठाऊक. सांगायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, भाषण पुरे, पाणी घाल. म्हणून नाही सांगितलं.

आता घेवड्याचं बोलू. सगळी हिंमत गोळा करून बोलते.

तुझ्या आईच्या परसातला वाघ्या घेवडा. दाण्यावर पट्टे असतात म्हणून वाघ्या. तसला घेवडा कोरेगावच्या बाजारात पोत्यांनी मिळतो, पण तुझ्या आईचा निराळा होता, बारक्या दाण्याचा, तांबड्या पट्ट्यांचा, तिच्या आईकडून आलेला. तू तो पहिल्यांदा इकडे आणलास तो मोज्यात घालून. त्या वर्षी इथल्या पावसाने जवळजवळ सगळ्या शेंगा झाडावरच कुजल्या. चार-दोन झाडांच्या शेंगा आधी पिवळ्या पडल्या, तेवढ्या वाचल्या. तू त्यांचंच बी धरलंस. पुढच्या वर्षी परत तसंच. ज्या झाडावर सगळ्यांत आधी शेंग वाळेल, त्याला तू लाल लोकरीचा तुकडा बांधायचीस. लोकर बांधलेल्या शेंगेला हात लावायचा नाही, ती पेरायची. वर्षानुवर्षं अशी निवडत निवडत तू त्या घेवड्याला पावसाच्या आत पिकायला शिकवलंस. एप्रिलमध्ये खिडकीत रोपं करायचीस, मेअखेर रानात लावायचीस, आणि ऑगस्टमध्ये झाडं मुळासकट उपटून तुझ्या घरातल्या हॉट प्रेसमध्ये उलटी टांगायचीस. गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट, लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात. तुझ्याकडे टॉवेल खुर्चीवर असायचे आणि कपाटात घेवडा. वाळलेली शेंग तू माझ्या कानाशी आणून हलवायचीस. आत दाणे खुळखुळायचे. 'वाजली की झाली,' म्हणायचीस.

मध्यंतरी संतोषने घर वाढवलं, त्यात परस गेलं, आणि तुझ्या आईकडचं बी संपलं. राहिलं ते तुझ्या कपाटात. मी कितीदा तरी मागितलं, मला दे थोडं, दोन ठिकाणी असलेलं बरं. तू द्यायची नाहीस. 'तू खाऊन टाकशील, मने. मी ओळखते तुला.'

यंदा जुलैत लसूण काढला आणि एक वाफा रिकामा झाला. तू खिशातून मूठभर घेवडा काढलास.

'आता?' मी म्हटलं. 'जुलैत कोण पेरतं घेवडा?'

'मी पेरते.'

'दाणा भरेपर्यंत थंडी पडेल. पालक लाव, निदान खायला तरी मिळेल.'

'एकाच ओळीवर भरवसा ठेवू नये.'

'बी वाया घालवतेयस.'

'माझं आहे.'

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले, चहा पीत बसले, आणि तू एकटीने ती ओळ पेरलीस. गुडघ्यावर बसून, एकेक दाणा डोळा खाली करून. मग हात झटकून माझा चहा उचललास आणि म्हणालीस, 'ऑक्टोबरमध्ये बघू कोण बरोबर ते.' आपले सगळे वाद असेच असायचे. रासबेरीच्या कुठल्या काठ्या कापायच्या, टोमॅटोची पानं काढायची की नाही, सगळ्यांना पुढची तारीख.

दहाव्याला संतोषने नदीकाठून व्हिडिओ कॉल लावला. इकडे जेमतेम उजाडलं होतं, मी किचनमध्ये शाल गुंडाळून बसले होते. पिंड मांडलेला दिसत होता, मागे झाडावर कावळे दिसत होते, आणि एकही खाली येत नव्हता. तुझं-माझं या बाबतीत एकमत होतं, कावळ्याला भूक लागली की तो येतो, यापलीकडे त्यात काही नाही. पण तिथं उन्हात माणसं हात जोडून उभी होती. संतोष म्हणाला, 'आईला मी सांभाळीन.' कावळा आला नाही. 'तुझं तिकडचं सगळं नीट आवरीन.' नाही आला. कुणी म्हणालं, पोरगी बिनलग्नाची गेली, त्यातच जीव अडकलाय. मला फोनमधून हात घालून त्या माणसाला ढकलावंसं वाटलं. मग कुणीतरी फोन तुझ्या आईपुढे धरला. ती एवढीशी झालीय, शुभा. तिने मला ओळखलं आणि विचारलं, 'तिच्याकडलं बी हाय का गं पोरी? माझं तर कवाच संपलं.'

मी उभी राहिले. मोठ्याने म्हणाले, 'मी धरीन. शुभा, बी मी धरीन, पेरीन, कधी संपू देणार नाही.'

आणि कावळा उतरला.

तिकडे सगळ्यांनी हात जोडले. इकडे मी खाली बसले. इतक्या वर्षांत तू माझं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय मान्य केलं नव्हतंस. एकदाच केलंस. तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेही सांगते. वाटलं, मीही तुझी कुणीतरी आहे, माझ्याही वाट्याला काहीतरी आलं.

तेराव्याचं जेवण इथल्या मंडळींनी तुझ्याच घरी करायचं ठरवलं, कारण महिनाअखेर ते घरमालकाला परत द्यायचं आहे. डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनहून वैशाली आदल्या दिवशीच आली. तुला माहीत आहे ती कशी आहे, दुःख झालं की स्वयंपाक करते. मी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी पोचले तेव्हा पानं मांडली होती. वरण-भात, खीर, आणि तुझी आवडती म्हणून घेवड्याची उसळ. वैशाली पुण्याची, तिने गूळ घातला होता. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस. पण चांगली झाली होती. साल तोंडात येत नव्हती. त्या दिवसांत पहिल्यांदा मला अन्नाची चव लागली, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

'मस्त झालीये गं,' मी म्हटलं. 'घेवडा डब्लिनहून आणलास का?'

'नाही गं, तिच्याच हॉट प्रेसमध्ये मिळाला! किती नीट ठेवला होता, लाल धागे-बिगे बांधून. मला वाटलं देवासाठीच काढून ठेवलाय. सो म्हटलं, आज तिच्या नावाने त्याचाच नैवेद्य होऊ दे.'

'सगळा?'

'सगळा भिजवला. एवढी माणसं आहेत ना.'

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला. मग काय करणार होते, थुंकणार होते? शिजलेला होता. 'तू खाऊन टाकशील, मने.' खाल्ला, शुभा. आवडीने खाल्ला, परत मागून घेतला.

वैशालीला मी काही बोलले नाही. लाल धागा बघून देव आठवणारी आपलीच माणसं ती, परक्याने निदान विचारलं असतं. आणि तिने इतक्या मायेने केलं होतं की तिच्यावर रागावताही येत नव्हतं. मी हात धुऊन वर गेले, तुझ्या हॉट प्रेसचं दार उघडलं आणि गुडघ्यावर बसून फळ्या चाचपल्या. टाकीच्या मागे हात घातला, चटका बसला. फळीवर पाचोळा होता आणि सोडून ठेवलेले लोकरीचे तुकडे. एक दाणा नव्हता.

मग मागच्या दारी आले. ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनचं झाकण उघडलं, त्यात शेंगांची टरफलं होती, खीर, भाताची शितं आणि चहाची पावडर यांच्या खाली. बिन आडवा केला आणि एकेक टरफल उघडून बघायला लागले. एका टरफलात एक दाणा सापडला. बोटांत धरला तर त्याचं पीठ झालं.

वैशाली दारात आली. 'काय शोधतेयस? कानातलं पडलं का?'

'हो,' मी म्हटलं.

मग काय, सगळेच शोधायला आले. जेवणं टाकून आले. कुणी फोनचा टॉर्च लावला, कुणी बाह्या वर केल्या. दवाखान्यातून परस्पर आलेले डॉक्टर इस्त्रीच्या शर्टात खाली बसून तांदळाची खीर चिवडत होते. 'सोन्याचं होतं का?' 'आईचं होतं का?' मी मान हलवत होते. बराच वेळ गेल्यावर कुणाचं तरी लक्ष माझ्या कानांकडे गेलं. दोन्ही कानांत कुड्या होत्या. वैशालीने तसल्याच खरकट्या हातांनी मला जवळ घेतलं आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. त्यांना वाटलं, मी तुझ्यासाठी रडतेय. तुझ्यासाठीच रडत होते म्हणा. पण त्यांना वाटत होतं त्याहून कितीतरी वाईट झालं होतं.

घरी परतताना गाडीत प्रसाद म्हणाला, 'बाजारातून नाही का आणता येणार?' मी त्याच्याशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलले नाही. त्याची चूक नाही. त्याला काय माहीत, तो तुझा घेवडा होता. तू निवडलेला. इथल्या पावसात ज्याने तग धरला, त्याचं बी, त्याच्या बियाचं बी. तुझ्या हाताने झालेली ती एकच गोष्ट मागे राहिली होती, आणि तिची उसळ झाली.

सकाळी उठले ती जुलैतला वाद आठवूनच. बूटसुद्धा नीट न घालता रानात गेले.

ओळ होती, शुभा. गवतात बुडाली होती, गोगलगायींनी खालची पानं चाळणी करून टाकली होती, पण होती. गुडघ्याएवढी झाडं, शेंगा हिरव्या आणि चपट्या. मी चिखलात बसून त्या झाडांची माफी मागितली. शेजारच्या तुकड्यावरचा डर्मट बटाटे काढत होता, त्याने बघितलं. फावडं टेकवून तो कुंपणाशी आला, टोपी काढली आणि माझा हात हातात घेतला. 'सॉरी फॉर युअर ट्रबल, मनीषा. शी वॉज अ ग्रँड गर्ल.' इथं मयताला जवळच्या माणसांचा हात धरून असं म्हणतात. मला असं म्हणणारा तो पहिला. तुझ्या माणसांतलं कुणी म्हणालं नव्हतं, माझ्या माणसांतलंही नाही. मी त्याचा हात सोडायला तयार नव्हते. मग त्याला विचारलं, या शेंगा पिकतील का? त्याने ओळीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. 'आह, गॉड, आय वुडन्ट नो. आय'म ओन्ली अ स्पड मॅन.' बटाट्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. टोमॅटो जाऊ दे, रासबेरीच्या काठ्या जाऊ दे, त्या कुठल्या कापायच्या ते तूच बरोबर होतीस असं आता म्हणून टाकते. ऑफिसच्या आधी रानात, ऑफिसनंतर रानात. ओळीवर फ्लीसचं पातळ कापड घातलं, थंडी लागू नये म्हणून. वाऱ्याने उडालं, परत घातलं. कुणीतरी टाकून दिलेली जुनी खिडकी आणून कलती उभी केली, ऊन पडलं तर काचेतून तापावं म्हणून. ऊन कुठलं पडायला! दुपारी पाऊस आला की मी ऑफिसच्या काचेतून बघत बसते आणि मीटिंगमध्ये कुणी काय विचारलं ते मला कळत नाही. एकदा तर मी त्या ओळीवर छत्री धरून उभी होते. डर्मटने त्याच्या शेडमधून बघितलं आणि आत गेला. बाहेर आला तो दोन मग चहा घेऊन. आम्ही दोघं पावसात चहा प्यायलो, छत्री घेवड्यावर.

आणि तुझी आई रोज फोन करते. रोज. आधी जेवलीस का विचारते, मग तुझं काहीतरी सांगते, लहानपणी तू कशी परसातल्या शेंगा कच्च्याच खायचीस वगैरे, आणि शेवटी फोन ठेवता ठेवता विचारते, 'बी हाय न्हवं नीट?' मी म्हणते, 'आहे मावशी, नीट आहे.' 'दिवाळीला येशील तवा मूठभर आण. संतोष म्हणतोय, गच्चीवर कुंड्या ठिवून देतो.' 'आणते.' दुसरं काय म्हणू? तिला मी कसं सांगू की तुमच्या लेकीचं बी आम्ही तिच्याच तेराव्याला खाल्लं?

गेल्या आठवड्यात हवामान खात्याने वादळ सांगितलं. समुद्रावरून येणारं, दोन दिवस मुक्काम करणारं. मी ओळीपाशी गेले. एकही शेंग पिवळी झाली नव्हती. 'पिवळी पडल्याशिवाय उपटायचं नाही,' हे तू मला इतक्यांदा बजावलंस की झोपेतही म्हणेन. पण ठेवली तर वादळात लोळणार, चिखलात पडून कुजणार. उपटली आणि दाणे कोवळे असले तर सुरकुतून मरणार. फोनवर शोधलं, निम्मे म्हणतात उपटा, निम्मे म्हणतात ठेवा. नक्की सांगू शकेल असं एकच माणूस आता जगात आहे, तुझी आई, आणि तिला विचारलं तर तिला सगळं कळेल. तिचा फोन आला तेव्हा मी रानातच होते. ती म्हणाली, 'वारं लई वाजतंय गं, कुठं हाईस?' म्हटलं, घरीच आहे, खिडकी उघडी राहिलीय. 'बी हाय न्हवं नीट?' प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, शुभा. दात आवळून धरला. 'आहे, मावशी.'

मग उपटलं. पाऊस सुरू झाला होता. एकेक झाड बुडाशी धरून, मुळांना माती ठेवून काढलं. तू असतीस तर कडाडली असतीस, अगं हिरवं आहे, वेडी आहेस का? मी प्रत्येक झाडाला थांबत होते. खरंच थांबत होते, तू ओरडशील म्हणून. कुणी ओरडलं नाही. डर्मटने गाडीचं दार धरलं. सगळी झाडं मागच्या सीटवर टॉवेलांवर निजवली आणि सगळा रस्ता इतकी हळू आले की मागच्याने हॉर्न वाजवला. इथं कुणी हॉर्न वाजवत नाही, म्हणजे बघ.

आता ती माझ्या हॉट प्रेसमध्ये उलटी टांगली आहेत, तुझ्याच लोकरीच्या तुकड्यांनी बांधून. प्रसादने विचारलं, टॉवेल कुठे ठेवू? खुर्चीवर, म्हटलं. बांधताना एक शेंग उकलली. आत दाणे होते, पण पांढरे, ओलसर, नखाने दाबले तर दबतील असे. पट्टे नव्हते. एका दाण्यावर डोळ्यापाशी तांबूस काहीतरी होतं. पट्टा यायला लागला होता की मातीचा डाग होता, कळलं नाही. पुसून बघायचा धीर झाला नाही. शेंग बोटांनी मिटली आणि तशीच परत लटकवली.

तू मला ऑक्टोबरचा वायदा दिला होतास. ये ना बघायला. मी हरायला तयार आहे, जुलैत पेरणारी तूच शहाणी होतीस, हे सगळ्या डंडॉकला ऐकू जाईल असं म्हणीन. आणि त्या कावळ्याच्या वेळी इतक्या लगेच कशाला गं मान्य केलंस? जरा वाद घालायचा होतास. विचारायचं होतंस, कुठून धरशील बी, कसं धरशील? आयुष्यभर मला उलट प्रश्न विचारलेस आणि नेमकी तेव्हाच गप्प बसलीस.

वादळ येऊन गेलं. रानात आता काही उभं नाही. रोज सकाळी तुझ्या आईचा फोन यायच्या आधी मी हॉट प्रेसचं दार उघडते. प्रसादला रेडिओ बंद करायला सांगते, नळ बंद करायला सांगते. मग एकेक शेंग कानाशी धरून हळूच हलवते. आज पण हलवली. अजून एकही वाजत नाही.

वाज ना गं, शुभा.